खंगलेलं गाढव पुन्हा उभं करताना: आधी काय, नंतर काय

मे अखेरीस वीटभट्ट्या बंद होतात आणि जून लागला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येऊ लागतो: "रस्त्यावर गाढव सापडलंय, नुसता सापळा उरलाय. काय खायला घालू?" विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पण बहुतेकांनी विचारण्याआधीच काहीतरी खाऊ घातलेलं असतं: भाकरी, गूळ, भिजवलेले हरभरे. तिथेच सगळं चुकतं.

मीही हेच केलं होतं. भट्टीवरून सुटलेल्या एका गाढवाला मी पहिल्याच संध्याकाळी पाटीभर भिजवलेले हरभरे आणि गूळ दिला. त्याने पाटी चाटूनपुसून साफ केली आणि मला आनंद झाला. चौथ्या दिवशी त्याचे पाय लटपटू लागले, पाचव्या दिवशी ते गेलं. ते उपासमारीने मेलं नाही, माझ्या घाईने मेलं. तेव्हापासून मी या कामाचा क्रम मोडत नाही. तोच क्रम इथे देते आहे.

मारून-मुटकून राबवलेल्या, कोणीतरी सोडून दिलेल्या गाढवासाठी हे आहेच. पण स्वतःचं जनावर आजारपणात किंवा दुष्काळात खंगलं, असा मालकही हाच क्रम धरू शकतो.

१. आणण्याआधीची तयारी

आधी मालक कोण ते विचारा. मोकळं फिरणारं प्रत्येक गाढव बेवारस नसतं. काम नसलं की कित्येक मालक ती चरायला सोडतात. आजूबाजूच्या वस्तीत चौकशी करा, ग्रामपंचायतीत किंवा पोलिस चौकीत सांगून ठेवा. पुढची भांडणं यानेच टळतात.

मग जागा. जमीन कोरडी आणि कडक हवी, वर छप्पर हवं, एका बाजूने वारा अडलेला हवा. गाढव मुळात कोरड्या मुलखातलं जनावर. त्याच्या केसांवरून पाणी घोड्याच्या केसांसारखं निथळत नाही, ते आत मुरतं. पावसात भिजलेलं अशक्त गाढव एका रात्रीत गारठतं. गोठ्यात म्हशी असतील तर त्यांच्यापासून वेगळं, निदान दोन-तीन आठवडे तरी. पाण्याचं भांडंही वेगळं ठेवा.

हाताशी असू द्या: मऊ म्होरकी, थर्मामीटर, शिंप्याचा टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, मीठ, पोव्हिडोन आयोडीन, खरारा आणि एक वही. वहीला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट हटकून राहते: जोडीदार. गाढवं जोडीने जगतात. दोन गाढवं सतत एकत्र दिसत असतील तर एकच उचलून आणू नका. जोडीदार तुटला की गाढव खाणं सोडतं आणि खंगलेल्या गाढवाने एक-दोन दिवस खाणं सोडणं हे जिवावर बेततं. का, ते चौथ्या टप्प्यात.

२. पहिला अर्धा तास नुसतं बघा

हात लावण्याआधी दुरून बघा. लंगडतंय का, चारही पायांवर सारखा भार आहे का, कान कसे आहेत, लीद टाकली का, कशी आहे. गाढव दुखणं दाखवत नाही. घोड्याला पोटशूळ उठला की तो लोळतो, पाय झाडतो; गाढव मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहतं. लोक म्हणतात, "शांत आहे बिचारं." असं शांत गाढव आजारी आहे असंच धरून चाला.

नंतर ताप घ्या. मोठ्या गाढवाचं तापमान ९७.२ ते १०० फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. श्वास मिनिटाला १२ ते २८, नाडी ३६ ते ५२. आकडे वहीत लिहा, वेळेसकट.

*सावधान, तीन गोष्टी दिसल्या तर तिथेच थांबा:*

नाकातून घट्ट, चिकट स्राव, नाकपुडीत व्रण, पायावर किंवा अंगावर गाठींची माळ आणि त्या फुटून वाहणं. हा ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि जीवघेणा आहे. २००९ च्या संक्रामक रोग नियंत्रण कायद्यानुसार त्याची खबर सरकारी पशुवैद्यकाला देणं बंधनकारक आहे. घरी उपचार अजिबात नाही.

गिळता न येणं, लाळ गळणं, अचानक चावायला धावणं, घोगरं ओरडणं. पिसाळलेला कुत्रा चावला असू शकतो. अशा गाढवाच्या तोंडात हात घालू नका.

पाय ताठ, कान ताठ, जबडा मिटलेला, आवाज झाला की अंग आखडतं. हा धनुर्वात. डॉक्टर तासाभरात हवा.

३. पाणी आणि डॉक्टर

पाणी स्वच्छ आणि भरपूर द्या. गाढव पाणी कमी पितं हा समज त्याच्या चोखंदळपणातून आला आहे: शेवाळलेल्या किंवा वास येणाऱ्या हौदाला ते तोंड लावत नाही आणि तहानलेलंच राहतं. घासलेली बादली, ताजं पाणी, गारठा असेल तर कोमट. दिवसाला किती प्यायलं ते बादलीवर खूण करून मोजा.

डॉक्टर पहिल्या दिवशीच. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ वर फोन करा. आल्यावर तीन गोष्टी मागा: धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्ततपासणी आणि मादी असेल तर गाभण आहे का याची तपासणी. गाढवी साधारण बारा महिने गाभण राहते. नुसता सापळा उरलेल्या गाढवीच्या पोटातही शिंगरू असू शकतं आणि मग औषधांचा सगळा हिशोब बदलतो.

*तपासा:* डॉक्टरांनी घोड्याच्या मात्रेने औषध लिहिलं असेल तर नम्रपणे विचारा. काही वेदनाशामकं गाढवाच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे मात्रा आणि अंतर वेगळं लागतं. घरात पडून असलेली माणसांची डायक्लोफिनॅकची गोळी तर देऊच नका. गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी तिच्यावर २००६ पासून बंदी आहे.

४. चारा: इथे घाई म्हणजे मरण

हा टप्पा दोनदा वाचा.

बरेच दिवस उपाशी असलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून जगत असतं. अशा वेळी एकदम धान्य किंवा गूळ पोटात गेला की रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं. हृदय आणि श्वासाचे स्नायू यांच्याच जोरावर चालतात. ते कमी पडले की जनावर कोसळतं, बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, म्हणजे "आता बरं खातंय" असं वाटू लागतं तेव्हाच.

याच्या उलट बाजूचा धोकाही तेवढाच मोठा आहे. गाढवाने खाणं थांबवलं की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होतं. डॉक्टरांनी एकदा रक्ताची नळी खिडकीत उभी करून ठेवली. थोड्या वेळाने वरचा थर पिवळसर पारदर्शक दिसायला हवा होता. तो दूध घातल्यासारखा पांढुरका होता. ते गाढव जाड होतं आणि जागा बदलल्याने दोन दिवस चाऱ्याला शिवलं नव्हतं, एवढंच. म्हणून खंगलेल्याला भरमसाट देऊ नये, आणि कुठल्याही गाढवाला पूर्ण उपाशी ठेवू नये.

खाली दिलेलं प्रमाण साधारण १०० किलोच्या, बरगड्या-पाठकणा-माकडहाड उघडं पडलेल्या मोठ्या गाढवासाठी आहे.

*दिवस १ ते ३:* दर चार तासांनी १५० ग्रॅम, दिवसरात्र मिळून सहा वेळा. रात्री उठावं लागतं, त्याला इलाज नाही. चारा म्हणजे पाल्याचा ज्वारीचा कडबा, बोटाच्या दोन पेरांएवढी कुट्टी करून, आणि त्यात मूठभर सुकवलेला लसूणघास. लसूणघासात प्रथिनं आणि लागणारी खनिजं असतात, साखर-पिष्ट कमी. पण घास एकटाच आणि पोटभर देऊ नका.

*दिवस ४ ते ६:* तेवढ्याच वेळा, २०० ग्रॅम.

*दिवस ७ ते १०:* चार वेळा, ३५० ते ४०० ग्रॅम. इथवर आलात की दिवसाचा चारा दीड किलोच्या आसपास पोचतो. निरोगी गाढवाला वजनाच्या सुमारे १.३ ते १.८ टक्के कोरडा चारा पुरतो, तेव्हा हा आकडा पूर्ण आहाराचाच आहे.

*दहा दिवसांनंतर:* कडबा किंवा गव्हाचं काड सतत पुढ्यात असू द्या. गाढवाचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी बनलेलं आहे. दोन वेळा गच्च आणि मधे रिकामं, ही म्हशीची पद्धत त्याला मानवत नाही.

धान्य लागतंच असं नाही. बहुतेक गाढवं चांगल्या कडब्यावर आणि थोड्या घासावर दोन-तीन महिन्यांत भरतात. म्हातारं, दात गेलेलं किंवा दूध पाजणारं असेल तरच डॉक्टरांना विचारून भर घाला.

काय टाळायचं ते नीट लक्षात ठेवा. बुरशी लागलेला कडबा: पेंढी झटका, धूर उडाला आणि कोंदट वास आला की ती खतात टाका. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य: त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला आणि कोंबडीला ते चालतं, घोडा-गाढवाच्या हृदयाला ते विष आहे आणि त्यावर उतारा नाही. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत: खंगलेल्याला त्यावर मोकळं सोडू नका. कोवळी ज्वारी तर नकोच. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) गुरांना लागते हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गाढव सोडताना कोणाला आठवत नाही. कुंपणाला कण्हेर किंवा घाणेरी असेल तर आधी ती काढा.

*तपासा:* रोज लीद मोजा. अख्खी, ओलसर, चमकदार गोळ्यांची हवी. बारा तासांत लीद नाही, किंवा खाणं अर्ध्यावर आलं, तर सकाळची वाट बघू नका. उकिरड्यावर वाढलेल्या गाढवांच्या पोटात प्लास्टिक आणि सुतळी असते. आतडं तुंबायला तेवढं पुरतं.

५. जखमा

चारा सुरळीत झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जखमांकडे वळा. रक्त वाहत असेल किंवा अळ्या असतील तर अर्थातच पहिल्या दिवशी.

ओझ्याच्या गाढवाच्या जखमा ठरलेल्या जागी असतात: मान आणि पाठ जुळते ती उंच जागा, पाठीचा कणा, शेपटीखालची दोरी घासते तिथे, आणि पुढचे पाय बांधलेली दोरी रुतते तिथे. नायलॉनची दोरी कधी कधी कातडीत इतकी रुतलेली असते की वरून दिसत नाही, नुसता सुजलेला पट्टा आणि वास. ती ओढू नका. डॉक्टरांकडून काढून घ्या.

पाणी उकळून कोमट करा, एका लिटरला ९ ग्रॅम मीठ घाला. मोठ्या सिरिंजने धार मारून जखम धुवा. कापसाने घासू नका, तंतू आत राहतात. जखमेभोवतीचे केस कातरा. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात, बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ करून. घट्ट ओतलं तर नवी येणारी कातडीच जळते.

हळद-तेल, राख, चुना, जळकं इंजिन ऑइल, तापलेल्या सळीचे डाग हे सगळं बंद. डागल्याने लंगडणं जात नाही. एक दुखणं होतं तिथे दोन होतात, आणि मुक्या जनावराला ते सांगताही येत नाही.

अळ्या दिसल्या तर टर्पेंटाइन आत ओतू नका. अळ्या मरतात, मांसही मरतं. चिमट्याने काढा, धुवा, वरून माश्या न बसणारं मलम लावा आणि डॉक्टरांना दाखवा. गुडघ्याखालच्या जखमांवर लक्ष ठेवा. तिथे मांस कातडीच्या वर फुगून येतं आणि मग जखम मिटत नाही.

पाठीवर काहीही ठेवायचं नाही. गोणपाटाची घडीसुद्धा नाही.

६. खूर: एका बैठकीत नाही

भुरी नावाची गाढवी आमच्याकडे आली तेव्हा तिचे पुढचे खूर मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते. ती टाचांवर रेलून चालायची. मला वाटलं, आजच कापून टाकावेत. नालबंद चाचांनी खूर हातात घेतला, अंगठ्याने तळवा दाबला. भुरीने पाय ओढला नाही, फक्त तिच्या कानाचं टोक हललं. "बघा ताई, दुखतंय हिला," ते म्हणाले. "एकदम कापलं तर नस ताणली जाईल, बसली की उठायची नाही. थोडं थोडं घेऊ." आम्ही चार खेपांत, दर तीन आठवड्यांनी, ते खूर जागेवर आणले.

लांब खुरांबरोबर आतले सांधे, स्नायुबंध सगळे त्या वाकड्या उभं राहण्याला सरावलेले असतात. ते हळूहळूच सुटतात. शक्य असेल तिथे कापण्याआधी खुराचा एक्स-रे काढा, आतलं हाड किती फिरलंय ते कळतं.

नालबंद घोड्यांचा असेल तर त्याला आधीच सांगा: गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभा असतो आणि खालून इंग्रजी यू अक्षरासारखा. त्याला घोड्याचा उतार दिला की टाच दबते.

खूर गरम लागत असेल, खुराच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणठण उडत असेल आणि गाढव एकाच पायावर अचानक लंगडू लागलं तर आत पू आहे असं समजा. पू काढणं डॉक्टरांचं काम. तोवर कोरडी, मऊ बैठक द्या. दोन किंवा जास्त पाय गरम असतील, गाढव मागे रेलून उभं असेल, तर हा खुराचा दाह. चालवू नका, हिरवं पूर्ण बंद, त्याच दिवशी डॉक्टर.

गाढवाचा खूर पाणी शोषतो. पावसाळ्यात चिखलात उभं राहिलं की तो स्पंजासारखा मऊ पडतो आणि कुजायला लागतो. रोज खूर उचलून खरवडा, तळव्याच्या मधल्या खाचेतून सडका वास येतो का बघा. जागेवर आले की पुढे दर सहा ते दहा आठवड्यांनी कापणी.

७. दात, जंत, कातडी

चारा तोंडातून ओल्या गोळ्यांच्या रूपात खाली पडतो, एका बाजूने चावणं, गालात चारा साठणं: दात बिघडलेत. वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड सुरीसारखी होते आणि गाल-जीभ कापते. घासण्याचं काम डॉक्टरांकडून, गुंगी देऊन. तोवर कुट्टी बारीक करून, भिजवून द्या. वजन वाढत नसेल तर चारा वाढवण्याआधी तोंड बघा. कितीतरी जण हे उलटं करतात.

जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका. अशक्त आतड्यात एकदम हजारो जंत मेले तर पोटशूळ उठतो. एक-दोन आठवडे खाणं स्थिर झाल्यावर ताज्या लिदीचे दोन-तीन गोळे पिशवीत घालून, हवा काढून, गारव्यात ठेवून दवाखान्यात द्या. अंडी मोजून डॉक्टर औषध आणि मात्रा ठरवतील. मात्रेला खरं वजन लागतं. अंदाजाने कमी दिलं तर जंत औषधाला सरावतात. गुरांचं जंतनाशक इंजेक्शन गाढवाला टोचून घेऊ नका, तोंडावाटे द्यायचं मागा. आणि लीद रोज उचला, नाहीतर तेच जंत परत पोटात.

अधूनमधून ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, हिरड्या फिक्या: सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, तपासून घ्या. चावऱ्या माश्यांमुळे तो पसरतो, पावसाळ्यात आणि नंतर जास्त.

उवा आणि खरूज असतेच. खरारा हलक्या हाताने, जखमा टाळून. अंघोळ नको; ओलं झालेलं गाढव वाळायला वेळ लागतो.

८. वही

दर पंधरा दिवसांनी, सकाळी, त्याच जागी, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर टेपने मोजा. हाताने बरगड्या चाचपा. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, इथवर न्यायचं. पोटावर जाऊ नका. जंतांचं आणि निकस चाऱ्याचं पोट मोठंच दिसतं.

मानेवरची चरबी एका बाजूला कलंडायला लागली तर उलट चूक सुरू झाली. अशा वेळी चारा तोडू नका, घास काढून त्या जागी काड द्या आणि महिन्यांच्या हिशोबाने उतरू द्या. जाड गाढवाला उपाशी ठेवलं की चौथ्या टप्प्यातली ती पांढुरकी नळी आठवा.

९. पुन्हा कामाला

मालकाचं गाढव असेल तर हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. घर त्याच्यावर चालतं. तीन महिने भरण्याआधी नाही. त्या वेळी पाठीची कातडी केसांनी भरलेली हवी, खूर जागेवर हवेत, आणि पंधरवड्याचे निदान दोन घेर सारखे यायला हवेत. सुरुवात रिकाम्या चालण्याने, रोज वीस मिनिटं, एक आठवडा. मग जाड, मऊ, मधे पन्हाळ असलेली गादी, म्हणजे भार कण्यावर न पडता दोन्ही अंगांना पडतो. मग थोडं ओझं.

ओझ्याची मर्यादा १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत लिहिलेली आहे: गाढवाला ५० किलो. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंश सेल्सिअसच्या वर गेला की दुपारी १२ ते ३ काम बंद. विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासूनच ही वेळ पाळावी लागते. विटा लादताना एक ओली वीट काट्यावर ठेवून बघा आणि त्यावरून नग ठरवा. डोळ्यांचा अंदाज हमखास जास्त भरतो.

काम संपलं की रोज गादी काढून पाठीवर तळहात फिरवा. जिथे केस उलटे झालेत, ओलसर आहे किंवा हात लागताच कातडी थरारते, तिथे उद्या जखम होणार. ती जागा भरेपर्यंत ओझं बंद.